तिसरीत दोनदा बसलेला पोरगा

पास झालेला पोरगा पुन्हा त्याच वर्गात बसलेला तुम्ही पाहिला आहे का? नापास झालेला नाही बरं, पास झालेला. मी अशा दोन पोरांची गोष्ट सांगणार आहे. एक शंभरेक वर्षांपूर्वीचा, त्याचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुसरा अलीकडचा, त्याचं नाव मी सांगणार नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात बारावी झालेलं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

पहिला पोरगा पापळचा. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. २७ डिसेंबर १८९८ चा जन्म. बाप शामराव, आई राधाबाई, घर शेतकऱ्याचं. गावात शाळा होती, पण तिसरीपर्यंतच. पोरगा तिसरी पास झाला आणि घरात प्रश्न पडला, आता पुढं काय? चौथीचा वर्गच गावात नाही. लहान लेकरू परगावी एकटं कसं ठेवायचं? शेवटी शामरावांनी एक तोड काढली. पोराला पुन्हा तिसरीतच बसवलं. शिकण्याची सवय तुटू नये, पाटी हातातून सुटू नये, एवढाच त्यामागचा विचार. वर्षभरानं पोरगा चांदूर रेल्वेला गेला, तिथं चौथी झाली. मग कारंजा लाड, आणि मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल. मॅट्रिक होईपर्यंत चार गावच्या शाळा झाल्या.

हा पोरगा म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. आपले भाऊसाहेब.

दरवर्षी जयंतीला आपण बॅनर लावतो, हार घालतो, भाषणात "शिक्षणमहर्षी", "कृषिमहर्षी" म्हणतो आणि घरी जातो. मीही पंधरा-सोळा वर्षं या कार्यक्रमांच्या बातम्या केल्या आहेत. बातमीत नेहमी ऑक्सफर्ड येतं, केंद्रीय मंत्रिपद येतं. तिसरीत दोनदा बसलेला पोरगा क्वचितच येतो. मला मात्र वाटतं, त्या माणसाचं पुढचं सगळं काम त्या एका वाया गेलेल्या वर्षातून वाचता येतं. भाऊसाहेब स्वतः असं कुठं म्हणाले असा माझा दावा नाही. त्यांनी काय काय उभं केलं ते ओळीनं मांडलं की मला तरी हेच दिसतं.

आता त्या काळचा वऱ्हाड जरा समोर आणा. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे कापूस इथला, पैसा इथला आणि राजधानी नागपूर. अमरावतीला १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. इथले रावबहादूर मुधोळकर १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दादासाहेब खापर्डे देशभर गाजले. कापसाच्या बाजारामुळे शहरात पैसा खेळत होता. एवढं सगळं होतं, पण कॉलेज नव्हतं. नागपूरला हिस्लॉप १८८३ पासून, मॉरिस १८८५ पासून. वऱ्हाडच्या पोरानं मॅट्रिकनंतर शिकायचं तर नागपूर नाहीतर पुणे-मुंबई. ज्याच्या बापाची ऐपत असेल तो जाईल, बाकीचे वखरामागं.

पंजाबराव मॅट्रिक झाले तेव्हा हीच स्थिती होती. ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले. तिथली पदवी न घेताच १९२० मध्ये विलायतेला निघाले. घरानं कर्ज काढून पैसे उभे केले, पुढं शिष्यवृत्तीचा आधार मिळाला. एडिंबरोला एम.ए. केलं, ऑक्सफर्डला डॉक्टरेट, आणि बॅरिस्टरही झाले. डॉक्टरेटचा विषय काय, तर वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. ज्या समाजाला वेद ऐकण्याचाही अधिकार नाही असं सांगितलं जायचं, त्या समाजातल्या कुणबी शेतकऱ्याच्या पोरानं वेदांवर प्रबंध लिहिला. पुढं १९३३ मध्ये ऑक्सफर्डच्याच प्रकाशन संस्थेनं तो पुस्तकरूपानं छापला.

इथं एक योगायोग बघा. ते तिकडे असतानाच १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. तेच आजचं आपलं व्ही.एम.व्ही. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठही स्थापन झालं. म्हणजे ज्या दाराची त्यांना गरज होती ते दार ते निघून गेल्यावर उघडलं. मागून येणाऱ्यांना ते सापडलं खरं, पण तिथवर पोचणारे किती होते?

१९२६ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेला माणूस मुंबईला राहिला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. ते अमरावतीला आले. वकिली सुरू केली आणि लगोलग जे काम हाती घेतलं ते शाळेचं नव्हतं, वसतिगृहाचं होतं. श्रद्धानंद छात्रालय. १९२६ च्या डिसेंबरात स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली होती, त्यांचं नाव दिलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहतील, एका पंगतीत जेवतील, असं छात्रालय.

आधी वसतिगृह का? माझ्या मते याचं उत्तर पापळ, चांदूर, कारंजा, अमरावती या प्रवासात आहे. ज्यानं लहानपणी चार गावं बदलली त्याला पक्कं माहीत असतं की शाळा असून भागत नाही. त्या गावात रात्री पाठ टेकायला जागा लागते, दोन वेळची भाकर लागते. आणि जातीमुळं कोणी दारातून हाकलणार नाही याची खात्री लागते. १९२७ मध्येच अमरावतीत अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करावं म्हणून चळवळ पेटली. १३ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथं परिषद झाली. पंजाबराव त्या लढ्याच्या बाजूनं उभे होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतः आंतरजातीय लग्न केलं. त्या विमलाबाई पुढं राज्यसभेत गेल्या.

१९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या करण्याचं काम केलं, प्राथमिक शिक्षणावर भर दिला. १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे मंडळात निवडून गेले आणि शिक्षणमंत्री झाले. वय किती? तिशी नुकतीच ओलांडलेली. तीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये अमरावतीला कॉलेज, १९५४ मध्ये अकोल्याला. खेड्यापाड्यात शाळा निघत गेल्या त्या वेगळ्याच. आज वऱ्हाडात असं घर शोधून दाखवा ज्यातलं एकही माणूस "शिवाजी"मध्ये शिकलेलं नाही. १९६१ मध्ये तर दिल्लीत शिवाजी कॉलेज काढलं. दिल्ली विद्यापीठातलं ते कॉलेज एका वऱ्हाडी माणसानं सुरू केलं, हे तिथं शिकणाऱ्या कितीतरी पोरांना माहीत नसेल.

संविधान सभेत त्यांनी मागास जातींच्या शिक्षणाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न लावून धरला. १९५० मध्ये अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ उभा केला. अमरावतीनं १९५२, ५७ आणि ६२ अशा तीन वेळा त्यांना लोकसभेत पाठवलं. त्यातली दहा वर्षं ते केंद्रात शेती खात्याचे मंत्री होते. १० एप्रिल १९६५ ला गेले.

गेले, पण वऱ्हाडचा "पुढचा वर्ग" अजून पुरा झाला नव्हता.

शेतकऱ्यांच्या पोरांना शेतीचंच उच्च शिक्षण मिळावं, यासाठी अमेरिकेच्या धर्तीवर आपल्या देशात कृषी विद्यापीठं निघू लागली होती. पहिलं १९६० मध्ये पंतनगरला. महाराष्ट्रात ते कुठं व्हावं यावरून १९६७ मध्ये अकोला पेटलं. विदर्भाचं म्हणणं साधं होतं. कोरडवाहू शेती आमची, कापूस आमचा, तर त्याचं शिक्षण आणि संशोधन आमच्या दारात का नको? विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गाव उतरलं, गोळीबार झाला, माणसं गेली. १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ झालं, आणि मग २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ. आजही आपण त्याला "पीकेव्ही"च म्हणतो. तिथल्या हिरवळीवर फिरायला जाणाऱ्या नव्या पिढीनं एकदा आपल्या आज्याला विचारावं, हे विद्यापीठ कसं मिळालं म्हणून. कोणी टेबलावर आणून ठेवलं नाही.

मग १ मे १९८३. अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. तोवर बुलढाण्याच्या पोराला मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला नागपूर गाठावं लागे. अख्खा वऱ्हाड ओलांडून जा, खिडकीवरचा बाबू म्हणणार "साहेब सुट्टीवर आहेत", की झालं. या विद्यापीठाला पुढं संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. शेंडगावचा हा माणूस स्वतः शाळेत शिकला नाही. हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असं तो गावोगाव सांगत फिरला. एका विद्यापीठाला पंजाबरावांचं नाव, दुसऱ्याला गाडगेबाबांचं. नावांच्या बाबतीत आपण वऱ्हाडी लोक फार नशीबवान आहोत.

त्याच १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान कॉलेजांचं धोरण आलं. त्यानंतर कॉलेजं भराभर निघाली. तालुक्याला कॉलेज, मोठ्या गावाला कॉलेज. काही जिवापाड मेहनतीनं चालवली गेली, काही नुसत्या पाटीवर चालली. आज नकाशावर पाहिलं तर वऱ्हाडातल्या कोणत्याही गावापासून कॉलेज फार लांब नाही. म्हणजे पापळचा प्रश्न सुटला, असं वाटावं.

आता दुसऱ्या पोराची गोष्ट.

जिल्हा सांगत नाही, तालुका सांगत नाही, कॉलेज तर नाहीच. बापाकडं तीन एकर कोरडवाहू, माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. पोरगा बारावी सायन्स झाला आणि तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला लागला. घरून एस.टी.नं जाणं-येणं, खोलीचा खर्च नाही. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास. दुसऱ्या वर्षाला कळलं की त्याच्या मुख्य विषयाचे सर सोडून गेले. ते तासिका तत्त्वावर होते, मानधन सहा-सहा महिने मिळत नव्हतं, त्यांनी तरी किती दिवस थांबावं? नवे सर येईनात, पोरं कमी, वर्ग चालेना. कॉलेजातून सल्ला मिळाला, "तू शहरात ट्रान्सफर घे."

पोरानं टी.सी. काढली. शहरातल्या एका कॉलेजात जागा होती. पण नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला मेजर आणि जोडीच्या विषयाला मायनर म्हणतात. त्याचा मेजर तिथं होता, मायनर नव्हता. मायनर बदलून चालेल का, हे कोण ठरवणार? कॉलेज म्हणे विद्यापीठाला विचार. विद्यापीठात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. "अर्ज कॉलेजमार्फत यायले पाहिजे." पुन्हा कॉलेज. तोवर प्रवेशाची तारीख संपली. टी.सी. काढलेली, म्हणून जुन्या कॉलेजात नाव नाही. नव्यात प्रवेश नाही.

मी त्याला भेटलो ते बातमीसाठी. त्यानं फाइल उघडून एकेक कागद दाखवला, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावलेले. मी विचारलं, "मग आता काय म्हणतात?"

तो म्हणाला, "सर, ते म्हणून राह्यले का पुन्हा पह्यल्या वर्षाले ॲडमिशन घे. वर्ष वाया जाणार नाही म्हणतात."

पास झालेला पोरगा पुन्हा त्याच वर्गात.

मला तिथंच शामराव देशमुख आठवले. फरक एवढाच, की शामरावांच्या गावात चौथीचा वर्ग खरोखरच नव्हता. या पोराच्या जिल्ह्यात दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता, बाक रिकामे होते, मास्तर होते. मधला कागद नव्हता.

ती बातमी आतल्या पानावर चार इंचाची लागली. माझ्याकडूनही त्याचा पाठपुरावा राहून गेला, हे इथं कबूल करतो. पोरानं नाइलाजानं पहिल्या वर्षाला नाव घातलं. पण हा गडी नुसता रडत बसला नाही. जूनमध्ये गावातल्या ऑनलाइन सेंटरवर तो संध्याकाळी बसतो आणि बारावी झालेल्या पोरा-पोरींचे फॉर्म भरून देतो. पैसे घेत नाही. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारतो. तुझ्या विषयाचे सर कायम आहेत का तासिकेवर? आणि दुसऱ्या वर्षाची बॅच मागच्या साली चालली का? हे विचारल्याशिवाय फॉर्म "सबमिट" करू देत नाही. एका पोरीचा बाप चिडला, म्हणे, "तू काय प्राचार्य लागून गेला काय रे?" तो म्हणाला, "काका, मी पह्यल्या वर्षाले दोनदा बसलो, म्हणून इचारून राह्यलो."

माझ्या मते भाऊसाहेबांचं काम आज वऱ्हाडात कोण करत असेल तर हा पोरगा.

थोडं बाहेर पाहू. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाचा प्रकार आहे. १९०१ मध्ये जोलिएट या गावात पहिलं निघालं. कल्पना साधी. पहिली दोन वर्षं घराजवळच्या लहान कॉलेजात कमी खर्चात शिका, मग मोठ्या विद्यापीठात जा. लहान कॉलेजात जे शिकलात ते मोठ्या ठिकाणी मोजलं जातं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. तिथंही मोजणीवरून भांडणं होतात, सगळं गोडगोड नाही. पण गरिबाचं लेकरू मधल्या पायरीवरून वर चढणार, हे तिथल्या व्यवस्थेनं गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडं पाँडिचेरीत १९९५ मध्ये पहिलं कम्युनिटी कॉलेज झालं, पुढं यूजीसीनंही योजना आणली. २०२० च्या धोरणात तर स्पष्ट म्हटलं आहे की शिकलेलं वाया जाणार नाही. एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीनला पदवी. २०२१ पासून श्रेयांकांची बँक आहे, म्हणजे पोरानं कुठंही मिळवलेले क्रेडिट त्याच्या खात्यात जमा राहणार.

मग माझा प्रश्न असा. त्या पोराच्या खात्यात पहिल्या वर्षाचे क्रेडिट जमा होते. बँकेत पैसे आहेत आणि काउंटरवर कोणी काढू देत नाही, अशा बँकेचं करायचं काय?

आणखी एक सांगतो. भाऊसाहेबांच्या नावानं राज्य सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या पोरांना शहरात राहून शिकायला पैसे मिळतात. योजना चांगलीच आहे. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधं बी.ए., बी.एस्सी. करणारा तीन एकरवाल्याचा पोरगा तिच्यात बसत नाही. त्याचं कॉलेज गावाजवळ बंद पडलं आणि शहरात जायची वेळ आली, तर खोलीभाडं त्यानं कुठून आणायचं? श्रद्धानंद छात्रालय काढताना भाऊसाहेबांनी पोरगा कोणता कोर्स करतो हे विचारून छप्पर दिलं असतं का?

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नवीन कॉलेज नको, नवीन पुतळा नको.

एक. दरवर्षी निकालानंतर कॉलेज बदलण्यासाठी विद्यापीठानं ठरावीक दिवस द्यावेत, आणि एकाच टेबलावर सही करणारा एकच जबाबदार माणूस बसवावा. अर्जाचं उत्तर लेखी, तारखेच्या आत.

दोन. नव्या ठिकाणी प्रवेश पक्का झाल्याशिवाय जुन्या कॉलेजनं टी.सी. हातात देऊ नये. पोरगा अधांतरी लटकू नये एवढंच.

तीन. मायनर जुळत नसेल तर मिळवलेले क्रेडिट धरून पुढच्या वर्गात बसवा, राहिलेलं पुढं भरून घ्या. मागच्या वर्गात पाठवू नका.

चार. ज्या विषयाला शिक्षक नाही त्या विषयाला पहिल्या वर्षाचा प्रवेश देऊ नका. रिकाम्या जागा भरा, आणि तासिकेवरच्या सरांचं मानधन महिन्याच्या महिन्याला द्या.

पाच. भाऊसाहेबांच्या नावाचा भत्ता साध्या पदवीच्या पोरांनाही मिळावा. आमच्या आमदार-खासदारांनी एवढा एक प्रश्न सभागृहात विचारावा. जयंतीच्या भाषणापेक्षा तो बरा.

ही यादी मी निवेदन म्हणून विद्यापीठात देणार आहे. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, कुठलेही असाल, तुमच्या घरात किंवा गावात पास होऊन पुन्हा मागच्या वर्षाला बसलेलं लेकरू असेल तर खाली लिहा किंवा मला फोन करा. लेकराचं आणि कॉलेजचं नाव लिहू नका. फक्त तालुका, वर्ष आणि कुठल्या कागदासाठी अडलं ते सांगा. मोजल्याशिवाय कोणी ऐकत नाही. या खेपेला पाठपुरावा सोडणार नाही, हा शब्द.

पापळच्या शाळेत तेव्हा चौथीचा वर्ग नव्हता म्हणून एका हुशार पोराचं एक वर्ष गेलं. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. आज वर्ग आहेत आणि तरी पोरांची वर्षं जात आहेत. हा दोष मात्र आपलाच आहे.